बोलतोय, चालतोय... मग बिनसलंय कुठं?

डोक्याला मार लागून दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला बघायला पाहुणे येतात ना, तेव्हा त्यांचीही एक परीक्षा ठरलेली असते. खाटेच्या कडेला बसायचं आणि वाकून विचारायचं, "काय रे, ओळखलंस का मला?" त्यानं "मावशी" म्हटलं की मावशी खूश! "अगं, सगळं ओळखतोय की. जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं." मग चहा होतो, शहाळी-मोसंबी कोपऱ्यात ठेवली जातात आणि निकाल जाहीर होतो, माणूस बरा झाला.

ज्या बाईला त्या माणसाबरोबर चोवीस तास राहायचं असतं, तिला मात्र वेगळंच दिसत असतं. गॅसवर दूध ठेवून हा अंगणात जाऊन बसतो. एकच गोष्ट चार वेळा विचारतो. टीव्ही चालू असताना बोललेलं त्याच्या डोक्यात शिरतच नाही. पूर्वी घरात कधी आवाज न चढवणारा माणूस भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो आणि पाच मिनिटांनी काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं "जेवायला काय आहे?" म्हणतो. तिनं हे कुणाजवळ बोलावं, तर उत्तर तयार असतं, "एवढ्या मोठ्या अपघातातून वाचला, त्याचं तुला काही नाही, आणि हे काय धरून बसलीस!" त्यात सीटी स्कॅनही नॉर्मल आलेला. मग तिलाच वाटायला लागतं, चुकतंय ते आपलंच.

मैत्रिणींनो, चुकत नसतं. मार लागलेला मेंदू किती सावरला हे मोजण्याचं एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात घरच्या माणसाच्या सांगण्याला जागा आहे. नुसती जागा नाही, चांगला मान आहे. म्हणून आज हा विषय.

आणि तो काही लांबचा विषय नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यांतली १४,३३७ मागं बसलेली होती. आता मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी घेऊन बऱ्याचदा कोण बसलेलं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही झाली गेलेल्यांची गणती. जी वाचली आणि घरी आली, त्यांच्या घरातलं पुढचं वर्ष कुठल्या अहवालात येत नाही.

आधी त्या नॉर्मल स्कॅनचं बघू. सीटी स्कॅन हाडाची चीर दाखवतो, रक्तस्राव दाखवतो, सूज दाखवतो. जीव वाचवायला ते फार मोलाचं असतं. पण डोकं जोरात हिंदकळलं की मेंदूतले बारीक बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात, आणि ते त्या चित्रात बरेचदा दिसतच नाही. घराच्या भिंतीला तडा नाही म्हणजे आतलं वायरिंग शाबूत आहे असं थोडंच असतं! बटणं दाबून बघावी लागतात. डोक्याचंही तसंच.

पहिलं बटण दवाखान्यात पोचल्याबरोबर दाबलं जातं. केसपेपरवर 'जीसीएस' असं लिहून पुढं आकडा टाकलेला तुम्ही पाहिला असेल. ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजपट्टी काढली. डोळे उघडतो का याचे ४ गुण, बोलतो कसा याचे ५, आणि सांगितल्यावर हातपाय हलवतो का याचे ६. एकूण १५. गंमत म्हणजे काहीच न करणाऱ्यालाही ३ मिळतात, शून्य कुणालाच नाही. १३ ते १५ म्हणजे मार सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. हा आकडा तुमच्या वहीत उतरवून ठेवा, पुढं प्रत्येक डॉक्टर तो विचारतो. पण एक लक्षात असू द्या. १५ पैकी १५ म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, एवढंच. त्याला दुकानाचा हिशेब जमेल का, हे त्या १५ मध्ये कुठंच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही. शुद्धीवर आल्यानंतर काही काळ माणूस बोलतो, खातो, ओळखतो, पण आतली टेप कोरीच राहते. सकाळी मुलगा भेटून गेला हे दुपारी आठवत नाही. आपण दवाखान्यात आहोत हे सांगूनही कळत नाही, "चल, एसटी चुकेल" म्हणून तो सलाइन ओढतो. ही वेडाची लक्षणं नव्हेत. मेंदूनं नव्या आठवणी साठवणं अजून सुरू केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रसेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की हा काळ जितका लांबतो, तितका मार खोल समजायचा. तासाभरात संपला तर सौम्य, एका दिवसापर्यंत मध्यम, त्यापुढं आठवडाभर गेला तर गंभीर आणि आठवड्याच्याही पुढं गेला तर अतिगंभीर, असा त्याचा साधारण हिशेब. तो संपला की नाही हे बघायला १९७९ पासून १०० गुणांची एक प्रश्नावली वापरतात. तुझं नाव काय, आत्ता कुठं आहेस, आज वार कोणता, अपघातानंतरची पहिली आठवण कोणती, असे साधे प्रश्न. ७५ च्या वर गुण यायला लागले आणि टिकले की म्हणायचं, टेप सुरू झाली.

हे मी इतकं लांबण लावून का सांगतेय? कारण हा काळ संपायच्या आत केलेली बुद्धीची कुठलीही मोठी चाचणी फुकट जाते. आणि दुसरं म्हणजे, याच काळात काही घरांत कागदांवर सह्या घेतल्या जातात. "शुद्धीवर आहेत की, करतील सही." नाही हो! अशा माणसाला आपण कशावर सही केली हे संध्याकाळी आठवत नसतं. बँकेचा असो की शेताचा, कागद थोडा थांबू शकतो. आपण तिथं असलो तर ठामपणे "आत्ता नको" म्हणायचं.

पुढची पायरी मेंदूच्या सविस्तर चाचण्यांची. त्या करतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नाव ऐकून दडपायला होतं, पण आत गेल्यावर जे चालतं ते आपल्या भेंड्यांच्या खेळासारखं दिसतं. आकडे म्हणून दाखवायचे, ५-८-२-९, ते तसेच परत म्हणा. मग म्हणतात, आता उलटे म्हणा. सरळ म्हणताना नुसतं लक्ष लागतं, उलटं म्हणताना ते आकडे डोक्यात धरून ठेवून फिरवावे लागतात, आणि मार लागलेलं डोकं नेमकं तिथं दमतं. पंधरा शब्द वाचून दाखवतात, परत परत, आणि वीस-तीस मिनिटांनी अचानक विचारतात, "मघाचे शब्द सांगा बरं." एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेघेनं जोडा. घड्याळ लावून वेग बघतात, चुका मोजतात, आणि चूक झाल्यावर माणूस ती आपणहून दुरुस्त करतो का, हेही बघतात.

यात एक मेख आहे. सातवी शिकलेल्या बाईची इंजिनिअरशी तुलना केली तर ती नापासच होणार, मग तिच्या डोक्याला मार लागलेला असो वा नसो. म्हणून आपल्याकडच्या माणसांचे, वय, शिक्षण आणि बाई-पुरुष असा फरक धरून काढलेले आकडे लागतात. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं २००४ साली असा संच तयार केला. तेव्हा चाचणी करणाऱ्याला एवढं जरूर विचारा, "आमच्या शिक्षणाप्रमाणे गुण धरलेत ना?" चाचणी आपल्या भाषेत व्हायला हवी, हे तर आलंच. दहा मिनिटांची ३० गुणांची एखादी झटपट चाचणी करून "सगळं छान आहे" म्हणाले, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. ती चाळणी असते, दळण नव्हे.

आता एक जुनी गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये, रशियात स्मोलेन्स्कच्या लढाईत झासेत्स्की नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यात डाव्या बाजूनं गोळी घुसली. पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा हुशार मुलगा. वाचला, बोलू लागला. पण अक्षरं ओळखू येईनात, आपल्याच शरीराची उजवी बाजू त्याला सापडेना. अलेक्झांडर लुरिया हे मोठे मेंदू-मानसतज्ज्ञ त्याला तपासत. त्यांचा एक प्रश्न आपल्या घरात सहज कळेल असा आहे. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील', दोन्ही एकच का वेगळे? आपण क्षणात सांगू, एक काका, दुसरे वडीलच. झासेत्स्कीला 'वडील' कळत होतं, 'भाऊ' कळत होतं, पण दोन्हींची गाठ मारता येत नव्हती. पाहुण्यांच्या "ओळखलंस का" परीक्षेत हा मुलगा पहिला आला असता!

पुढं त्याच्या लक्षात आलं की एकेक अक्षर आठवत बसलं तर लिहिता येत नाही, पण हात न उचलता सवयीनं अख्खा शब्द गिरवला की येतो. लिहिलेलं मात्र त्याला स्वतःला नीट वाचता यायचं नाही. तरी तो पंचवीस वर्षं लिहीत राहिला. तीनेक हजार पानं झाली. त्या पानांत आणि लुरियांच्या नोंदींत मिळून जे सापडलं त्याचं पुढं एक पुस्तक झालं, आणि मार लागलेलं मन आतून कसं असतं हे जगाला कळलं.

चाचण्यांच्या खोलीचीही एक मर्यादा असते. ती शांत असते, समोर एकच माणूस असतो, काय करायचं ते तो सांगतो. घरात तसं कुठं असतं? कुकरच्या शिट्ट्या, दारात गॅसवाला, मुलाची वही, सगळं एकदम. १९९१ साली लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस यांनी असे तीन रुग्ण घेतले, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला अपघातात मार बसला होता पण बुद्धीच्या चाचण्यांत गुण चांगले येत होते. त्यांना चक्क बाजारात पाठवलं. थोडी खरेदी करा, टोमॅटोचा भाव विचारून लिहा, अमुक वेळेला अमुक जागी हजर राहा, आणि काही घ्यायचं नसेल तर दुकानात शिरू नका. आपण दर आठवड्याच्या बाजारात करतो तेच की! खोलीत हुशार ठरलेली ही माणसं बाजारात गडबडली. कामं अर्धवट राहिली, नियम मोडले गेले. एकेक काम जमत होतं, पण चार कामांची मोट बांधता येत नव्हती.

त्यानंतर तर स्वयंपाकघरच तपासणीची जागा झालं. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मंडळींनी एक चाचणी केली आहे. तिच्यात ओटची पेज शिजवायची, फोन लावायचा, गोळ्या घ्यायच्या आणि बिल भरायचं. पेज चवीला कशी झाली याचे गुण नाहीत. मदत किती लागली याचे आहेत. आपणहून केलं, की "आता काय करायचं बरं?" एवढं म्हणावं लागलं, की बोट दाखवावं लागलं, की स्पष्ट सांगावं लागलं, की हात धरावा लागला, की शेवटी दुसऱ्यानंच केलं. शिवाय सुरुवात आपणहून केली का, सामान जुळवलं का, क्रम बरोबर होता का, धोक्याचं भान होतं का, काम पुरं करून गॅस बंद केला का, हेही बघतात.

हे तुम्हाला घरी चहावर बघता येईल. "दोन कप चहा कराल का?" म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्याला सगळ्यात अवघड! साखरेचा डबा पुढं सरकवायचा मोह होतोच. भाजेल, पेटेल असं काही दिसलं तरच उठायचं. नंतर वहीत लिहायचं, 'सोमवार. चहा केला. पूड टाकायची एकदा आठवण केली. गॅस बंद करायला सांगावं लागलं.' पंधरा दिवसांनी पुन्हा. "विसरतात हो फार" असं डॉक्टरांना सांगण्यापेक्षा या दोन ओळी त्यांना दहापट उपयोगी पडतात. रात्रीची झोप, थकवा, चिडचिड, गोळ्या कधी बदलल्या हेही लिहा. कारण फिट येऊ नये म्हणून दिलेली काही औषधं, अपुरी झोप किंवा आतून आलेली उदासी यांनीही डोकं मंद चालतं. तो दोष माराचा धरला तर उपचार चुकतो.

आणि "मला काही झालेलं नाही" हे त्याचं वाक्य? तो खोटं बोलत नसतो. स्वतःकडं बघणारा मेंदूचा भागच दुखावला असेल तर आपली कमतरता आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रिगॅटानो नावाच्या अमेरिकी मानसतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ३० प्रश्नांची एक यादी केली. स्वतःचं जेवण करता येतं का, पैशाचा व्यवहार जमतो का, राग आवरतो का, असे प्रश्न. तीच यादी रुग्णाला वेगळी आणि घरच्या माणसाला वेगळी देतात. दोघांच्या उत्तरांत किती अंतर पडलं, ते मोजतात. म्हणजे बघा, तुमचं सांगणं ही तक्रार नाही, चाचणीचा अर्धा पेपर आहे. त्यामुळे डॉक्टरांना पाच मिनिटं एकटीनं भेटायला मागा. त्याच्यासमोर सगळं बोललं तर तो दुखावतो आणि आपणही निम्मं गिळतो.

बाई आजारी असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. पुरुष विसरला तर "डोक्याला मार आहे", सून विसरली तर "मुद्दाम करते". तिनं भाजी करपवली, पाहुण्यांसमोर रडली, दुपारी दोन तास झोपली की शेरे सुरू. घरकाम म्हणजे एका वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवण्याचंच काम, त्यामुळे तिची घसरण सगळ्यात आधी ओट्यावर दिसते. आणि तिच्यासाठी वही लिहायला मात्र कुणी नसतं. तिची आई, बहीण, मोठी लेक, कुणीतरी ते अंगावर घ्यायला हवं.

जायचं कुठं? मोठ्या दवाखान्यातल्या न्यूरोसर्जनना चिठ्ठी मागा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथं बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भेटतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. हातातल्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपी विभाग. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. 'मनोविकार' ही पाटी वाचून सासरे दारातून परत फिरतील, "आमच्याकडं वेडं कुणी नाही." त्यांना सांगा, चाचण्यांचं यंत्र तिकडं ठेवलंय म्हणून तिकडं जायचं, हाडाच्या फोटोला खाली जातो तसंच. एवढं खोटं चालतं! आणि आपलंच मन फार थकलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या फुकट नंबरवर बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

एकदा चाचणी झाली म्हणजे झालं, असंही नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, मग चाल मंदावते, पण वर्ष-दोन वर्षं आणि कधी त्यापुढंही ती चालू राहते. म्हणून मधे काही महिने ठेवून पुन्हा मोजतात, आणि प्रश्न बदलून मोजतात, नाहीतर पाठांतराचे गुण मिळतात. उलट, सुधारत असलेला माणूस अचानक मागं जायला लागला, सुस्तावला, डोकं फार दुखतंय म्हणाला, उलट्या झाल्या, तर वही-बिही ठेवून थेट दवाखाना गाठायचा. म्हाताऱ्या माणसांत, त्यातून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, साध्या पडण्यानंतरही काही आठवड्यांनी डोक्यात रक्त साठलेलं सापडतं.

कोर्टाच्या कामातही हा अहवाल लागतो. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात मोडलेल्या पायाची टक्केवारी सगळ्यांना दिसते, मोडलेली स्मरणशक्ती कागदावर आणल्याशिवाय दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे की डॉक्टरांनी लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं खरं नुकसान एकच नसतं. माणूस काय काम करत होता ते बघायचं. आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात मोल धरायचं, हे त्याच न्यायालयानं जानेवारी २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितलं. तेव्हा चाचणीच्या आधीच घाईनं तडजोडीवर सही करू नका, आणि दावा दाखल करायला मुदत असते म्हणून वकिलांना मात्र लवकर गाठा.

राहिली गाडीची किल्ली. घरोघरी सगळ्यात मोठं भांडण याच्यावरून होतं. तो म्हणतो हात चालतात, पाय चालतात, मग अडवतेस का? गाडी चालवायला एका वेळी चार बाजूंना लक्ष लागतं, क्षणात निर्णय लागतो आणि फिट येण्याचा धोका टळलेला असावा लागतो. हे ठरवणं बायकोचं काम नाही आणि तिनं ते अंगावर घेऊही नये, रोजचा वाईटपणा पदरात पडतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच त्याच्यासमोर विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. तोवर किल्ली घरातल्या डब्यात लपवण्यापेक्षा त्याच्या शब्दाबाहेर नसलेल्या एखाद्या मित्राकडं किंवा थोरल्या दीरांकडं ठेवलेली बरी.